कापडी पिशवी आणि कापडासारखी पिशवी

परवा ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घेताना पुन्हा तेच. भाजीवाल्याने हिरवी पिशवी पुढे केली, शेजारच्या काकूंनी ती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "द्या, कापडाची आहे ना." कापडाची नव्हती. हळदीकुंकवाच्या वाणात, साड्यांच्या दुकानात, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा ही गफलत मी वर्षानुवर्षं ऐकतेय.

चुरचुर वाजणारी पातळ पिशवी सगळ्यांना ओळखता येते, तिच्यावर शब्द खर्च करत नाही. कागदीचंही तसंच, ओल्या पालेभाजीने तिचा तळ सुटतो. खरा घोळ आहे सुती पिशवी आणि नॉन-वोव्हन पिशवी यांच्यात.

नॉन-वोव्हन म्हणजे न विणलेली. ती बनते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे सिमेंटच्या गोण्या ज्याच्या असतात त्याच प्लॅस्टिकची. त्याचे दाणे वितळवून बारीक छिद्रांतून तंतू ओढतात, ते सरकत्या पट्ट्यावर पसरतात आणि तापलेल्या रुळांखाली दाबतात. जिथे दाब पडतो तिथे तंतू वितळून एकमेकांना चिकटतात. पिशवीवर जे बारीक ठिपके दिसतात ते हेच सांधे, नक्षी नव्हे. त्यात कापसाचा एक धागा नसतो. सर्जिकल मास्कचा बाहेरचा थर आठवा, सहसा तोही याच मालाचा.

ओळखायचं कसं? पिशवी उजेडाकडे धरा. सुती कापडात उभे-आडवे धागे दिसतात, कडेचा एक धागा ओढला की सरळ निघून येतो. नॉन-वोव्हनमध्ये ओढायला धागाच नसतो, नुसती लव हाताला लागते. शिवण पाहा: पुष्कळ नॉन-वोव्हन पिशव्यांत दोरा नसतो, कडा दाबून चिकटवलेल्या असतात. तरीही शंका असेल तर कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा कापून चिमट्यात धरा आणि गॅलरीत काडी लावा. सुती तुकडा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. नॉन-वोव्हनचा आधी आक्रसतो, मग वितळतो आणि थंड झाल्यावर कडक गोळी उरते. घडीच्या पॉलिएस्टर पिशव्या विणलेल्या असूनही प्लॅस्टिकच्याच, पण त्या वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती हिरव्या रंगावर पान छापून "इको-फ्रेंडली" लिहिण्याबद्दल. ते वाचून माणसं ही पिशवी कुजेल अशा भरवशावर ओल्या कचऱ्यात टाकतात. आमच्या सोसायटीच्या खताच्या टाकीतून सहा महिन्यांनी तिचे तुकडे रंगासकट बाहेर आले. तिची जागा सुक्या कचऱ्यात. महाराष्ट्राच्या २०१८च्या प्लॅस्टिकबंदीच्या यादीत या पिशव्यांचं नाव स्पष्ट होतं. पुढे केंद्राच्या नियमांनी ३० सप्टेंबर २०२१पासून चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्यांवर बंदी घातली. आणि हे नियम प्लॅस्टिकच्या कचऱ्याचे आहेत, कापडाचे नव्हेत.

ऊन लागलं की ही पिशवी ठिसूळ होते. मी एकीत कांदे भरून बाल्कनीत टांगले होते. मे महिन्यात हात लावला तर पापुद्रे सुटले आणि कांद्यांच्या सालींना निळा भुगा चिकटला. तो भुगा पाणी टाकलं की मोरीतून जातो आणि नाल्यात पडलेली पिशवी पावसाळ्यात वाहत वाहत खाडीत जाते. ठाणे खाडी २०२२पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, फ्लेमिंगो तिथल्या चिखलात चोच घालून खातात. ओहोटीला तिवरांच्या मुळांत अडकलेल्या या लाल-निळ्या पिशव्या पाहिल्या की माझा जीव कळवळतो.

आता सुती पिशवीबद्दल, कारण तिथेही एक गैरसमज आहे. नवीकोरी सुती पिशवी घेतली म्हणजे काम झालं असं नाही. कापूस पाणी पितो, सूतकताई आणि रंगाई वीज खाते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११मध्ये हिशेब मांडला: हवामानावरच्या परिणामात एकदाच वापरून फेकलेल्या साध्या पातळ पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, नॉन-वोव्हन ११ वेळा. तो हिशेब खाडीत अडकलेल्या कचऱ्याचा नव्हे, पण त्यातून दोन गोष्टी निघतात. समारंभात नाव छापून वाटलेल्या, कपाटात पडून राहणाऱ्या नव्या सुती पिशव्या मला अजिबात पटत नाहीत. आणि घरात साठलेल्या नॉन-वोव्हन पिशव्या घाईने फेकू नका. माळ्यावरच्या गोधड्या, प्रवासातल्या चपला यांसाठी त्या फाटेपर्यंत वापरा, फक्त उन्हात ठेवू नका.

माझी पसंती जुन्या सुती चादरीच्या पिशवीला, तिच्यासाठी नवा कापूस लागत नाही. मधला झिजलेला भाग सोडून कडेचं कापड घ्यायचं आणि बंद फक्त तोंडाशी न टाचता तळाखालून फिरवून शिवायला सांगायचं, म्हणजे पाच किलो बटाट्यांनीही ते उसवत नाहीत. माझ्याकडे अशा चार आहेत, त्यातली एक कायम स्कूटरच्या डिकीत.