सक्शनचा पाइप मऊ असेल तर

सांगलीकडच्या, कृष्णाकाठच्या अंकलखोपला मामांकडे मुक्कामाला गेलं की रात्री कुणी कुठं झोपायचं हे आधी ठरतं, कारण मामांचं घोरणं अंगणापर्यंत येतं. मामी मात्र इतकी वर्षं शेजारीच झोपते. एकदा तिला म्हटलं, "मामी, तुला झोप कशी लागते गं?" तर म्हणाली, "घोरत असले की मी बिनघोर. घोरायचं थांबले की माझा डोळा उघडतो."

त्यावर आम्ही पोट धरून हसलो. खरं तर त्याच वेळी डॉक्टरकडे जायला हवं होतं. मामीनं एका वाक्यात स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं, निदान केलं होतं आणि ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

आपल्याकडे घोरणाऱ्या माणसाला "काय गाढ झोपलाय बघ" म्हणतात. तो झोपलेला असतो हे खरं, पण गाढ नव्हे. घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो, छाती-पोट हलत राहतं, पण नाकातोंडातून वारा जात नाही. पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मग मोठा फुत्कार टाकून, अंगाला झटका देऊन श्वास परत सुरू होतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास बंद पडला की वैद्यकात त्याला ॲप्निया म्हणतात.

हे का होतं, ते कृष्णाकाठच्या माणसाला समजावणं सोपं आहे. नदीवरच्या मोटरीला दोन पाइप असतात. डिलिव्हरीचा पाइप मऊ, घडी घालून खांद्यावर टाकता येईल असा असला तरी चालतो, कारण पाणी त्याला आतून फुगवतं. सक्शनचा पाइप मात्र कडकच लागतो. तिथं मऊ पाइप लावला तर मोटर ओढायला लागताच तो चपटा होतो आणि पाणी बंद. आपली छाती ही मोटर आणि श्वास आत घेणं हे सक्शन. छातीतली श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी कडक केलेली आहे. पण तिच्या वर, जिभेच्या आणि पडजिभेच्या मागं, सुमारे चार बोटं लांबीचा तुकडा नुसत्या स्नायूंचा आहे. गिळायला आणि बोलायला तो लवचीक असावाच लागतो. म्हणजे सक्शनच्या लाइनीत मध्येच डिलिव्हरीच्या पाइपचा तुकडा जोडलेला! जागेपणी स्नायू त्याला ताणून धरतात. झोपेत ते सैलावतात, आणि उताणं झोपलं तर जीभही मागं पडते. वाट अरुंद झाली की कडा फडफडतात, ते घोरणं. पूर्ण मिटली की शांतता.

मग रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर उठवतो, स्नायू ताठ होतात, वाट उघडते. ही जाग इतकी छोटी की सकाळी आठवतही नाही. पण प्रत्येक वेळी शरीरात ॲड्रेनलिन सुटतं आणि रक्तदाब वर जातो. खरं तर रात्री तो खाली यायला हवा. म्हणून तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्यांच्या झोपेची चौकशी करायला हवी.

मामांना रात्री तीनदा लघवीला उठावं लागे. साखर तपासली, प्रोस्टेट तपासली, दोन्ही ठीक. कारण निघालं घशातच. बंद वाटेवर छाती जोरानं ओढते तेव्हा हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं, शरीरात पाणी जास्त झालंय. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. दिवसा ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या डोळा लागायचा, त्याचा दोष आम्ही शेतीच्या रात्रीच्या लायटीला द्यायचो. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तेव्हा स्टिअरिंगवरची अशी डुलकी सगळ्यात जास्त भीतीदायक.

जाड माणसांना हा त्रास जास्त होतो. मान 40 सेंटीमीटरच्या वर, म्हणजे शर्टाची कॉलर साधारण सोळा इंचांपुढं, ही एक खूण. पण मामांना जाड म्हणता येणार नाही, त्यांची हनुवटी लहान आणि आत गेलेली आहे. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हे प्रमाण वाढतं आणि त्यांची तक्रार घोरण्यापेक्षा थकव्याची असते, म्हणून ते सुटून जातं. लहान मुलांत बहुधा टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइड गाठी वाढलेल्या असतात.

"दवाखान्यात नुसतं झोपायचे पैसे?" असं म्हणत मामा अखेर रात्रभराच्या झोपेच्या तपासणीला मिरजेला गेले. डोक्याला, छातीला, पायाला तारा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा खूप कमी होतो, ते यात मोजतात. पाचच्या आत असेल तर ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढं तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा. मामा तिसाच्या वर होते.

उपाय सीपॅप मशीनचा. नाकावर मास्क बघून शेजारीपाजारी विचारतात, "ऑक्सिजन लावलाय काय?" कोरोनानंतर मास्कची धास्तीच आहे. यात ऑक्सिजन नसतो, असते ती साधी हवा, थोड्या दाबानं सोडलेली. म्हणजे सक्शनच्या मऊ तुकड्याला डिलिव्हरीसारखं आतून फुगवून ठेवायचं. दाब मोजतात पाण्याच्या उंचीवर, 4 ते 20 सेंटीमीटर. मोटरवाल्यांच्या भाषेत या मशीनचं हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, वीतभरही नाही! ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली. त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्यालाच भोक पाडावं लागे.

पहिले पंधरा दिवस मामांनी मास्क तीनदा फेकला. नाक कोरडं पडतं, मास्क गळतो, पट्टा रुततो. इथं पुष्कळजण मशीन कपाटात ठेवून देतात. मास्कचं माप बदललं की बऱ्याच तक्रारी मिटतात. हवा दमट करणाऱ्या टाकीत बोअरचं पाणी घालू नये, क्षार धरतात. डिस्टिल्ड पाणी घालावं.

सौम्य त्रासाला कुशीवर झोपणं, किंवा खालचा जबडा पुढं धरणारं दातांवरचं साधन पुरतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ पाहणीत वजन दहा टक्के उतरल्यावर अडथळे साधारण पाव हिस्सा कमी झालेले दिसले. संध्याकाळची दारू घशाचे स्नायू आणखी ढिले करते. झोपेची गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

मशीननं रोग जात नाही, मास्क लावलेला असेतोवरच वाट उघडी राहते. अंकलखोपला रात्री लाइट गेली की मशीन थांबतं आणि मामा घोरायला लागतात. मामीचा डोळा आता त्या आवाजानं उघडतो. गेल्या दिवाळीत तिनं इन्व्हर्टर घ्यायला लावला.