द्राक्षांच्या घडातून आलेला ‘रेसिमिक’

एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असलेले उजवे आणि डावे रेणू ज्यात समसमान असतात, अशा मिश्रणाला रसायनशास्त्रात ‘रेसिमिक’ म्हणतात. हा शब्द ‘रेसेमस’, म्हणजे द्राक्षांचा घड, या लॅटिन शब्दावरून आला. वाइन मुरत असताना द्राक्षांतील टार्टारिक आम्लाचा पोटॅशियम क्षार पिंपांच्या आतल्या बाजूला खपलीसारखा जमतो, आणि या खपलीपासून ते आम्ल काढले जाई. १८२० च्या सुमारास फ्रान्समधील आल्सास प्रांतातल्या टान गावी, केस्टनर यांच्या कारखान्यात, या आम्लाबरोबर त्याचाच एक विचित्र भाऊबंद हाती लागला. घटक तेच, प्रमाण तेच. मात्र टार्टारिक आम्लाचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच प्रतलात कंप पावतात अशा प्रकाशाचे, प्रतल उजवीकडे फिरवी, तर या ‘रेसिमिक आम्ला’चा प्रकाशावर काहीच परिणाम होत नसे.

हे कोडे १८४८ मध्ये पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चर यांनी सोडवले. रेसिमिक आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक त्यांनी निरखून पाहिले, तेव्हा काहींचे बारीक पैलू उजवीकडे, तर काहींचे डावीकडे कललेले दिसले. तांदूळ निवडावेत तसे त्यांनी ते चिमट्याने वेगळे केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याच्या द्रावणाने डावीकडे. दोन्ही समसमान मिसळलेले असले की हे परिणाम एकमेकांना रद्द करत. वयोवृद्ध शास्त्रज्ञ बियो यांचा यावर सहजी विश्वास बसेना. त्यांनी तो प्रयोग आपल्या देखरेखीखाली पुन्हा करवून घेतला. यात नशिबाचाही वाटा होता, कारण या क्षाराचे उजवे-डावे स्फटिक साधारण २७ अंश सेल्सिअसच्या खालीच वेगवेगळे तयार होतात.

खरे तर हे नाव थोडे फसवेच आहे. द्राक्षाची वेल जवळजवळ केवळ उजवीकडे वळवणारे आम्लच बनवते. डाव्याची भर पडते ती पुढे, कारखान्यातील उष्णतेमुळे.

आज हा शब्द वाइनपेक्षा औषधांच्या संदर्भात अधिक येतो. सर्दी-शिंकांवरचे सेटिरिझिन रेसिमिक असते. त्यातील परिणामकारक अर्धा भाग वेगळा काढला की लेव्होसेटिरिझिन मिळते, म्हणून पहिल्याची नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅम, तर दुसऱ्याची ५ मिलिग्रॅम असते. आयबुप्रोफेन मात्र बहुधा रेसिमिक रूपातच विकले जाते, कारण त्यातील निष्क्रिय रेणूंपैकी बऱ्याच रेणूंचे सक्रिय रूपात रूपांतर आपले शरीरच करून घेते.