फरसाणाचा डबा आणि अकरा वर्षांचे मन

शाळेतून आलेला सहावीतला मुलगा दप्तर फेकतो आणि हातसुद्धा न धुता, उभ्या उभ्याच फरसाणाच्या डब्यात मूठ घालतो. मधल्या सुट्टीतला डबा त्याने संपवलेला आहे, म्हणजे पोट फारसे रिकामे नाही; मात्र आज वर्गात सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा झाला आहे. घरात अशा खाण्याला ‘हावरटपणा’ हा शब्द तयारच असतो.

या शब्दामागे एक समजूत आहे, की संयम हा एकच गुण असून तो कुणाकडे असतो आणि कुणाकडे नसतो. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या स्टॅनफर्डमधील मार्शमेलो प्रयोगांचा (समोरचा गोड खाऊ लगेच न खाता थांबलात तर जास्त मिळेल, असे लहान मुलांना सांगून ती किती वेळ थांबतात ते त्यात पाहिले गेले) लोकांनी काढलेला अर्थही असाच होता. २०१८ मध्ये मोठ्या संख्येने मुलांची माहिती तपासली गेली, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर लहानपणीचा तो संयम आणि पुढचे यश यांतला संबंध बराच क्षीण झाला. एरवी शांतपणे अभ्यासाला बसणारे मूल मन बिघडले की उतावळेपणाने वागू शकते, आणि खाण्याच्या समस्यांशी अधिक घट्ट नाते आहे ते मन बिघडल्यावरच्या या उतावळेपणाचे. केंटकी विद्यापीठातील ग्रेगरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचवीतून सहावीत जाणाऱ्या मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा अशा मुलांच्या मनात ‘खाल्ले की बरे वाटते’ ही अपेक्षा आधी रुजते आणि अतिखाण्याचे झटके त्यानंतर येतात, असा क्रम त्यांना आढळला. त्यात वयाची भर पडते: वयात येताना मेंदूतील सुखाला प्रतिसाद देणारी केंद्रे संवेदनशील होतात, तर आवर घालणाऱ्या पुढच्या भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते.

अशा वेळी मोठी माणसे बहुधा डबा उंच फळीवर ठेवतात. लीन बर्च आणि जेनिफर फिशर या संशोधकांनी १९९९ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर याच उपायाची परीक्षा घेतली. एक खाऊ डोळ्यांसमोर ठेवायचा, पण ठरावीक वेळेपुरताच हाती द्यायचा, एवढेच त्यांनी केले. मुले त्याच खाऊविषयी अधिक बोलू लागली, तोच मागू लागली आणि मिळाला की अधिक घेऊ लागली. पुढच्या एका अभ्यासात, ज्या मुलींना पाचव्या वर्षी आईने खाण्यावर अधिक बंधने घातली होती, त्या नवव्या वर्षी भूक नसतानाही अधिक खाताना दिसल्या. म्हणून घरात रोज चकली तळावी असे नाही (आमच्या घरी दिवाळीनंतर तसेही काही उरत नाही). बंदीपेक्षा खाण्याच्या ठरलेल्या वेळा आणि एकत्र बसून जेवणे यांचा उपयोग अधिक.

किती खाल्ले यावरून मात्र निदान होत नाही, कारण झपाट्याने उंची वाढणारा मुलगा चार पोळ्या जास्त खाणारच. बालरुग्णांच्या बाबतीत तज्ज्ञ प्रमाणापेक्षा ताबा सुटल्याच्या अनुभवाला महत्त्व देतात: ‘थांबायचे होते, पण थांबता आले नाही’ असे मूल सांगत असेल, लपूनछपून खात असेल, खाल्ल्यावर शरमत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटावे. याउलट, या वयात वजन वाढणेच थांबले असेल, तर मूल अजिबात बारीक दिसत नसले तरी त्याची तपासणी व्हायला हवी.