अल्पखर्ची एचडीआर छायाचित्रण
एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) म्हणजे एकाच दृश्याची, कॅमेऱ्यात कमी-अधिक प्रकाश घेऊन काढलेली अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र करण्याचे तंत्र. दृश्यातल्या लख्ख उजेडाच्या आणि गडद सावलीच्या जागांमधला फरक कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो, तेव्हा ते उपयोगी पडते. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

गोव्यात अशी दृश्ये जागोजागी भेटतात. सह्याद्रीच्या पायथ्याचे तांबडी सुर्लचे महादेव मंदिर हे कदंबकालीन (१२वे-१३वे शतक). त्याच्या मंडपातून बाहेर पाहताना डोळ्यांना छतावर कोरलेले कमळ, काळ्या बेसाल्टचे खांब आणि उन्हात न्हालेले रान, सगळे एका वेळी दिसते. कॅमेऱ्याला ते जमत नाही. खांब नीट आले की रान पांढरेफटक पडते, रान साधले की खांब काळेठिक्कर होतात.

ही अडचण जुनी आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५०च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह एकत्र छापून ती सोडवली. पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांच्या १९९७च्या संशोधनाने संगणकीय पद्धतीला भक्कम पाया दिला.

मंडपात कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १०० आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) पक्का करावा. बदलायचा तो फक्त शटरचा वेग: समजा १/२५०, १/६० आणि १/१५ सेकंद. दर वेळी सुमारे चौपट, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) अधिक प्रकाश आत येतो. याला ब्रॅकेटिंग म्हणतात. छिद्र बदलले, तर स्पष्टतेची खोलीही (किती अंतरापर्यंतचे स्पष्ट दिसते ते) बदलते आणि चित्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत. खरी मेहनत इथेच आहे. इथे चुकलेले पुढे कोणतेही सॉफ्टवेअर सुधारत नाही.

ल्युमिनन्स एचडीआर हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चित्रे जुळवून त्यांची एकच एचडीआर फाइल बनवते. साध्या पडद्यावर तिच्यातला उजेड-अंधाराचा सगळा पल्ला मावत नाही, म्हणून तो आवळावा लागतो. हेच टोन मॅपिंग. त्याच्या अनेक पद्धती आहेत: राइनहार्ड पद्धतीचे चित्र सौम्य येते. फत्तल आणि मांतियुक या पद्धती बारकावे ठसठशीत करतात. एनफ्यूज हा, तोही मोफत, प्रोग्राम एचडीआर फाइल न बनवताच प्रत्येक चित्रातला चांगला भाग उचलून मिसळतो. देवळे आणि जुनी घरे यांच्यासाठी तोच पहिल्यांदा वापरून पाहावा, कारण त्याचे चित्र डोळ्यांना दिसते त्याच्या जवळ राहते. विकत घ्यायच्या प्रोग्रामांत फोटोमॅटिक्स विशेष प्रसिद्ध आहे.

सर्वांत मोठा दोष अतिरेकाचा. सॉफ्टवेअरमधल्या परिणाम कमी-जास्त करायच्या पट्ट्या शेवटपर्यंत ओढल्या, की माडाच्या शेंड्याभोवती पांढरे वलय उमटते, आणि जुन्या गोव्यातल्या बाँ जेझू बॅसिलिकाच्या जांभ्या दगडाचा संयत तांबूसपणा भडक नारिंगी होतो. तो दगड तसा नाही; पाहणाऱ्याची ती फसवणूक आहे. दुसरा दोष हलत्या वस्तूंचा. वाऱ्यावर डोलणाऱ्या झावळ्या फिसकटतात, मांडवीतली फेरीबोट तीन ठिकाणी भुतासारखी पुसट दिसते. हा दोष (घोस्टिंग) काढण्याची सोय पुष्कळ प्रोग्रामांत असते, पण बोट पलीकडे पोचेपर्यंत थांबणे अधिक खात्रीचे.

आषाढातल्या ढगाळ दिवशी उघड्यावर प्रकाश सगळीकडे सारखाच पसरलेला असतो. तेव्हा या खटाटोपाची गरज नसते. एकच रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) पुरते.