चंपारणला गेलेली मराठी मंडळी

चंपारण म्हटलं की बहुतेकांना मोतीहारीचं कोर्ट आठवतं. १८ एप्रिल १९१७ रोजी गांधी तिथे उभे राहिले आणि जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम आपण मोडला, हे त्यांनी सरळ कबूल केलं. पुढे खटलाच मागे घेतला गेला. त्यानंतर सात महिन्यांनी त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत एक वेगळं काम सुरू झालं, त्याची गोष्ट मात्र फार कमी सांगितली जाते. दूरदूरचे शिकलेसवरलेले लोक बिनपगारी येऊन गरीब कुटुंबांच्या शेजारी राहिले, मुलांना शिकवलं, गल्ल्या झाडल्या, खरजेला मलम लावलं. आज आपण ज्याला खेड्यातलं स्वयंसेवी काम म्हणतो, त्याचा हा एक जुना नमुना. त्यात मराठी नावं इतकी आहेत की आपल्याकडे त्यांची आठवण एवढी पुसट कशी झाली, याचं नवल वाटतं.

आधी थोडं मागचं. उत्तर बिहारातला, नेपाळच्या तराईला लागलेला हा जिल्हा निळीच्या मळेवाल्यांच्या मुठीत होता. वीस कठ्ठ्यांचा एक बिघा, आणि त्यातल्या तीन कठ्ठ्यांत कुळाने नीळच पेरायची, अशी सक्ती. तिचं नाव तीनकठिया. १८९७पासून जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि खऱ्या निळीचा धंदा बसायला लागला. मळेवाल्यांनी तो तोटा रयतेच्या गळ्यात बांधला. नीळ पेरायची नसेल तर खंड वाढवून द्या, ही शरहबेशी. नाहीतर एकरकमी भरपाई द्या, ते तावान. राजकुमार शुक्ल या शेतकऱ्याने डिसेंबर १९१६च्या लखनौ काँग्रेसमध्ये गांधींना गाठलं आणि ते येईपर्यंत पिच्छा सोडला नाही, तो यासाठी. सरकारने चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल ऑक्टोबर १९१७मध्ये आला आणि पुढच्या वर्षी कायद्याने तीनकठिया गेली.

इथे मोहीम संपली असं म्हणता आलं असतं. पण हजारो रयतांच्या जबान्या घेताना गांधींनी त्यांची घरं, विहिरी आणि मुलांच्या अंगावरचे फोड पाहिले होते. सक्ती उठली तरी हे तसंच राहणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून सहा गावांत शाळा काढायचं ठरलं.

अट मोठी हिशेबी होती. शिक्षकाच्या राहण्याजेवणाचं गावाने बघायचं, बाकी खर्च बाहेरून येईल. गावकऱ्यांच्या हातात रोकड नव्हती, पण धान्य होतं आणि ते द्यायची तयारीही होती. मला हा या सगळ्या बेतातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. घरचं धान्य देणारा माणूस मास्तरला विचारू शकतो की आज शाळा का बंद होती; फुकटात मिळालेल्या मास्तरला कोण विचारणार? पैशांबाबत गांधी आधीपासूनच कडक होते. चौकशीच्या कामासाठी चंपारणच्या रयतेकडून काही घ्यायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. मुंबईच्या मित्रांनी देऊ केलेले पंधरा हजार रुपयेही त्यांनी नाकारले. त्या सगळ्या चौकशीला तीन हजारांहून जास्त खर्च आला नसावा, असं त्यांनी पुढे लिहिलं. त्यांच्यासोबत आलेल्या बिहारी वकिलांचा थाट सुरुवातीला निराळाच होता: प्रत्येकाचा नोकर वेगळा, आचारी वेगळा, चूल वेगळी, आणि जेवण मध्यरात्री. थट्टा करकरून गांधींनी सगळ्यांची एक चूल केली.

खरी अडचण शिक्षकांची होती. तुटपुंज्या मानधनावर राहणारे लोक जिल्ह्यात मिळेनात. मग जाहीर आवाहन झालं. बेळगावहून गंगाधरराव देशपांड्यांनी वकील बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक यांना धाडलं. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आल्या, सोबत त्यांचे पती बबनराव. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. महादेवभाई देसाई, नरहरी परीख आणि त्या दोघांच्या पत्नी दुर्गाबेन व मणिबेन गुजरातेतून आल्या. आश्रमातून गांधींचे पुत्र देवदास आले, कस्तुरबा आल्या. पहिली शाळा १३ नोव्हेंबर १९१७ला बडहरवा लखनसेन इथे उघडली, दुसरी आठवड्याभरात भितिहरवा इथे, आणि तिसरी जानेवारीत मधुबनला. प्रवेश बारा वर्षांखालच्या मुलांना.

बेळगाव-पुण्याच्या माणसांना भोजपुरी मुलखात शिकवायचं होतं. दुर्गाबेन आणि मणिबेन यांना गुजरातीच जेमतेम येत होती, कस्तुरबांना तेवढीही नाही. गांधींचं म्हणणं असं की व्याकरण राहू द्या, स्वच्छता आणि वागणूक शिकवा. हे ऐकायला सोयीचं उत्तर वाटतं, पण झालं खरं. या बायकांनी घेतलेले वर्ग चांगले चालले, अवंतिकाबाईंची शाळा तर नमुन्याची ठरली. शिवाय त्यांच्यामुळे घरातल्या बायकांपर्यंत पोचता आलं, जे पुरुष स्वयंसेवकांना कधीच जमलं नसतं.

औषधपाण्यासाठी गांधींनी भारत सेवक समाजाकडे डॉ. हरी श्रीकृष्ण देव यांना मागून घेतलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात काढलेली ही संस्था पूर्णवेळ सेवेचीच होती. देव १९१५च्या हरिद्वार कुंभमेळ्यात तिच्या स्वयंसेवक पथकाचे डॉक्टर होते आणि तिथे संडासाचे खड्डे खणून घेण्यापर्यंत त्यांची मजल गेलेली. चंपारणात त्यांची औषधपेटी तीन वस्तूंची: एरंडेल, क्विनाइन, गंधकाचं मलम. जिभेवर थर दिसला की एरंडेल. ताप असेल तर आधी एरंडेल, मग क्विनाइन. खरूज-फोड असतील तर जागा स्वच्छ धुऊन मलम. औषध घरी न्यायला द्यायचं नाही. पलीकडचं काही असेल तर ठरलेल्या वारी डॉक्टर येतील तेव्हा. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती किती सोपवायचं, याची रेघ इतकी स्पष्ट आखलेली फार क्वचित दिसते. दुसरीही एक रेघ होती: मळेवाल्यांच्या तक्रारी आणि राजकारण यांत स्वयंसेवकांनी पडायचं नाही.

सफाईचं काम जड गेलं. शेतमजूरसुद्धा स्वतःची घाण उचलायला तयार नव्हते. देव आणि त्यांची मंडळी स्वतःच रस्ते झाडत, विहिरी उपसत, डबकी बुजवत राहिली. काही गावं लाजेने पुढे आली, काही उत्साहाने. आणि भितिहरव्याजवळच्या एका वस्तीत गांधींच्या सांगण्यावरून कस्तुरबांनी बायकांना विचारलं, कपडे धूत का नाही? एकीने त्यांना झोपडीत नेलं आणि दाखवलं की इथे दुसरं लुगडंच नाही. अंगावरचं धुवायचं तर नेसायचं काय? गांधींच्या पंच्याचा उगम म्हणून हा प्रसंग सर्रास सांगतात, पण तो निर्णय १९२१चा, मदुराईचा. चंपारणात या बाईने गांधींच्याच प्रश्नातली चूक दाखवली होती.

भितिहरव्याची शाळा गवताची झोपडी होती. एका रात्री ती पेटली. संशय शेजारच्या मळेवाल्यांच्या माणसांवर. सोमणांनी पुन्हा गवत-बांबूचा नाद केला नाही. स्वतः राबून, गावाला राबायला लावून विटांची इमारत उभी केली.

इमारत टिकाऊ झाली, माणसं टिकली नाहीत. ठरलेल्या सहा शाळांपैकी तीनच उघडल्या. १९१८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या लढ्यात गुंतले, लगोलग गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याचा सत्याग्रह. अवंतिकाबाई मुंबईला परतल्या आणि त्याच वर्षी त्यांनी हिंद महिला समाज काढला. डॉ. देव मुळात सहा महिन्यांच्या बोलीवर आलेले. बाहेरून नवे लोक मिळाले नाहीत, आणि बिहारमधून कायमचे बिनपगारी कार्यकर्ते उभे राहिले नाहीत. हे काम पक्क्या पायावर आणण्याची आपली आशा पुरी झाली नाही, हे गांधींनी खेदाने मान्य केलं आहे. मला वाटतं, दोष कोणाच्या निष्ठेत नव्हता. आल्या दिवसापासून गावातला कोण हे पुढे चालवणार, याची तजवीज नव्हती. गावातून स्वयंसेवक उठवण्याचा प्रयत्न झाला तो झाडलोटीपुरता. शाळा आणि औषधपेटी पाहुण्यांच्याच हाती राहिली.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या खेड्यातल्या निवासी शिबिराची मुदत सात दिवसांची असते.