क्लाउस: बाजार आधी, कायदा मागाहून

१९९१ च्या अखेरीस चेकोस्लोव्हाकियातल्या पोस्टांत एक पुस्तिका विकायला आली. पुस्तिकेचे ३५ कोरुना (तिथलं चलन), नोंदणीच्या तिकिटाचे १०००, म्हणजे साधारण आठवड्याभराचा पगार. त्या बदल्यात मिळत १००० गुण, आणि ते लावून सरकारी कारखान्यांचे शेअर घेता येत. ही योजना रेटणारे अर्थमंत्री वाक्लाव क्लाउस पुढच्याच वर्षी पंतप्रधान झाले. माझ्या मते त्यांच्या पडझडीचं मूळही याच पुस्तिकेत होतं.

क्लाउस यांचा जन्म १९४१ चा, प्रागचा. नाटककार आणि कम्युनिस्ट राजवटीचे विरोधक वाक्लाव हावेल, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्यासारखा तुरुंगवास त्यांच्या वाट्याला आला नाही. १९६८ चं प्राग स्प्रिंग, म्हणजे राजवट सैल करण्याचा प्रयत्न, चिरडलं गेल्यावर त्यांना अर्थशास्त्र संस्थेतली जागा सोडावी लागली. पुढे बरीच वर्षं ते सरकारी बँकेत होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळू लागली तेव्हा ते हावेल यांच्या सिव्हिक फोरम या राजवटविरोधी चळवळीत आले आणि महिन्याभरात थेट अर्थमंत्री झाले. १ जानेवारी १९९१ ला बहुतेक वस्तूंच्या किमती त्यांनी एकदम मोकळ्या सोडल्या. ‘विशेषणांशिवायची बाजारव्यवस्था’ ही त्यांची घोषणा, आणि ती ते अगदी मनापासून देत. फोरम ही सैलसर चळवळच राहावी असं हावेल यांना वाटे. क्लाउसना शिस्तीचा पक्ष हवा होता. १९९१ मध्ये फोरम फुटला आणि क्लाउस यांचा नागरी लोकशाही पक्ष, म्हणजे ओडीएस, उभा राहिला.

आता पुन्हा त्या पुस्तिकेकडे. सुरुवातीला लोक फारसे पुढे येईनात. मग व्हिक्टर कोझेनी या तरुण फंडवाल्याने जाहिरातींचा धडाका लावला: तुमचे गुण आमच्या हार्वर्ड फंडात टाका, वर्ष आणि एक दिवसानंतर गुंतवणुकीच्या दहापट पैसे घेऊन जा. नावापलीकडे अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाशी फंडाचा काही संबंध नव्हता. पण पोस्टांत रांगा लागल्या आणि दीड कोटीच्या देशात सुमारे ८५ लाख लोकांनी नाव नोंदवलं. सत्तर टक्क्यांहून अधिक गुण लोकांनी स्वतः न वापरता फंडांच्या हवाली केले. म्हणजे मालक झाले लाखो, पण किल्ल्या गेल्या मोजक्यांच्या हाती.

यातले बरेचसे मोठे फंड बँकांनीच काढलेले, आणि त्या बँकांत सरकारचा मोठा वाटा शाबूत. बँक कर्ज देणार, तिचाच फंड कारखान्याचा मालक असणार. मग बुडणाऱ्या कारखान्याला ‘आता पुरे’ म्हणायचं कोणी? प्रागचा शेअर बाजार एप्रिल १९९३ मध्ये सुरू झाला, पण त्यावर नजर ठेवणारा स्वतंत्र आयोग यायला १९९८ उजाडलं. मधल्या पाच वर्षांत कंपन्या आतून पोखरून पैसा बाहेर नेण्याचा जणू धंदाच झाला. कोझेनी बहामाजला जाऊन बसला. सामान्य भागधारकाला तर आपल्या कंपनीत काय चाललंय याची धड माहितीही मिळत नसे. कायदा सावकाश करता येईल, मालकी आधी लोकांच्या हाती जाऊ दे, हा क्लाउस यांचा हिशेब होता. कम्युनिस्ट परत येण्याच्या धास्तीने घाई केली हे समजू शकतं. पाच वर्षं कानाडोळा केला, ते मात्र समजत नाही.

त्या काळात हे कोणाला फारसं दिसलं नाही, कारण बाकी सगळं छान चाललं होतं. जून १९९२ च्या निवडणुकीत चेक भागात क्लाउस आणि स्लोव्हाक भागात व्लादिमीर मेचियार जिंकले. त्यांच्या वाटाघाटींत, ब्रनोमधल्या प्रसिद्ध तुगेनधाट बंगल्याच्या बागेतही बसून, देशाची वाटणी ठरली. १ जानेवारी १९९३ ला रक्ताचा थेंबही न सांडता दोन देश झाले. सार्वमत मात्र घेतलं नाही, ही सल अनेकांच्या मनात राहिली. पुढची तीन वर्षं बेकारी कमी, खजिन्याची स्थिती चांगली, आणि १९९५ च्या शेवटी ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचं सदस्यत्व.

१९९६ च्या निवडणुकीत मिलोश झेमान यांच्या समाजवादी लोकशाहीवाद्यांनी जोरदार मुसंडी मारली. क्लाउस यांच्या आघाडीला २०० पैकी ९९ जागा मिळाल्या. मे १९९७ मध्ये कोरुनावर सट्टेबाजांचा हल्ला झाला आणि बांधलेला विनिमय दर सोडून द्यावा लागला. जुलैत मोराव्हियात भयंकर पूर आला. मग निघाली पक्षाच्या देणग्यांची भानगड. ७५ लाख कोरुना दोन परदेशी दात्यांच्या नावावर दाखवले होते. एक हंगेरियन, तो आधीच वारलेला. दुसरा मॉरिशसचा, भारतीय वळणाच्या नावाचा, ज्याचा या पैशांशी काही संबंधच नव्हता. खरा देणगीदार होता माजी टेनिसपटू मिलान श्रेयबर, ज्याचे हितसंबंध त्रिनेत्सच्या पोलाद कारखान्याच्या खासगीकरणात गुंतलेले होते. इथे पुस्तिकेचा काळ आणि पक्षाची तिजोरी यांची गाठ पडली.

नोव्हेंबरअखेर क्लाउस बोस्नियातल्या साराएवोला गेले होते. तेवढ्यात त्यांच्याच पक्षाच्या यान रुमल आणि इव्हान पिलिप यांनी प्रागमध्ये त्यांचा राजीनामा मागितला. ३० नोव्हेंबरच्या पहाटे सरकार पडलं. पहिल्या महायुद्धाची ठिणगी ठरलेल्या तिथल्या हत्येवरून हा घाव ‘साराएवोचा खून’ म्हणूनच ओळखला जातो.

दुसरा कोणी असता तर संपला असता. क्लाउस यांनी डिसेंबरात पोद्येब्रादीच्या अधिवेशनात पक्ष पुन्हा ताब्यात घेतला आणि बंडखोरांना बाहेरची वाट धरावी लागली. जुलै १९९८ मध्ये त्यांनी चक्क झेमान यांच्याशी करार केला: तुम्ही अल्पमतातलं सरकार चालवा, आम्ही पाडत नाही, संसदेचं सभापतिपद आमचं. ज्यांना रोखण्यासाठी मतं मागितली त्यांनाच खुर्चीवर बसवलं, हे मतदारांना झोंबलं. तरीही २८ फेब्रुवारी २००३ ला संसदेने त्यांना हावेल यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष निवडलं, तेही तिसऱ्यांदा घेतलेल्या निवडणुकीत. २००८ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

कारकीर्द संपायला दोन महिने उरले असताना, १ जानेवारी २०१३ ला त्यांनी शिक्षामाफी जाहीर केली. सहा हजारांहून अधिक कैदी सुटले, आणि आठ वर्षांहून जास्त रेंगाळलेले अनेक खटले कायमचे बंद झाले. त्यांत नव्वदच्या दशकातल्या आर्थिक लुबाडणुकीची प्रकरणंही होती. ज्यांचे पैसे बुडाले होते ते निकालाची वाट बघतच राहिले. सेनेटने मार्चमध्ये क्लाउस यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला, पण त्यांची राष्ट्राध्यक्षपदाची मुदत संपलेली असल्याने घटनात्मक न्यायालयाने तो पुढे चालवला नाही.