इराण्याचं हॉटेल ते परमिट रूम

लालबागला ज्या इराण्याकडे वडील आम्हाला ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, खायला न्यायचे, तिथे परवा कित्येक वर्षांनी गेलो. कोपरा तोच, दोन रस्त्यांवर उघडणारी दारंही तीच. पाटीवर मात्र आता ‘परमिट रूम’.

इराणी मुंबईत कुठून आले, त्यांना कोपऱ्यावरचेच गाळे का मिळाले, हे पुष्कळदा लिहून झालंय. धोबी तलावावरचं 1904 सालचं हॉटेल अजून चालू आहे, एवढं सांगून पुढे जाऊ. खरी गुंतागुंत आहे ती पाटीवरच्या दोन शब्दांत.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने राज्यात दारू पिणं हाच गुन्हा ठरवला. सवलत फक्त परवानाधारकाला. 1951 मध्ये न्यायालयाने काही कलमं उडवली, पण कायद्याचा गाभा शाबूत राहिला. पुढे सरकारने धोरण सैल केलं, पण कायदा काही मागे घेतला नाही. परवाना मिळणं तेवढं सोपं केलं. तो परवाना होता प्रकृतीच्या कारणासाठी, म्हणजे पिणारा कागदोपत्री औषधच घेतो. अशा परवानेवाल्यांनी बसून प्यायची खोली ती परमिट रूम. कायद्याच्या नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं, तरी परवान्याची अट आजही आहे. टेबलावर तो कोण मागतो, हे प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे. बंदी उठवल्याचं श्रेय नको आणि महसूल तर हवा, यातून निघालेली ही पळवाट. माझ्या मते दारूबंदीच्या सगळ्या प्रकरणात टिकली ती हीच.

इराण्यांनी ती का धरली? 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली होती. म्हणून तर एका ‘पानी कम’ चहावर तासभर बसलेल्या गिऱ्हाइकाला कुणी उठवत नसे. पण 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि पाळी सुटल्यावर होणारी झुंबड संपली. भाडं कमी असलं तरी वीज, पगार, मैदा थोडाच स्वस्त राहतो? मुलांना गल्ल्यावर बसायचं नव्हतं. चहा-खारीवर जे सुटत नव्हतं ते बियरवर सुटू लागलं. ‘इराण्याने हॉटेल बाटवलं’ असं आमच्या चाळीत म्हणत. मला ते पटत नाही. चाळही कुठे राहिली?

दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असं ठरलं. दारू विकणाऱ्यांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावंही वर्ज्य झाली. त्यामुळे ‘परमिट रूम’ आता ठळक देवनागरीत झळकतं.

आत संगमरवरी टेबलांच्या जागी सनमायका आलाय. बेसिनवरचा आरसा तोच, पण ‘केस विंचरू नयेत’ ही सूचना पुसून टाकलेली. पोटमाळ्यावर पूर्वी फॅमिली रूम होती. आई आम्हाला घेऊन तिथेच बसायची. तिथे आता एसी सेक्शन आहे. चहा मागितला तर वेटर म्हणाला, “चाय बाजूच्या टपरीवर मिळेल, साहेब.”